सही झाली, पैसे अजून गेलेले नाहीत

चेकवर सही होते त्या क्षणी पैसे कुठेही गेलेले नसतात. चेक ड्रॉवरमध्ये पडून राहतो, बोरिवलीहून मुलुंडला कुरिअरने येतो, पाकिटात चुरगळतो, कधी भरायचाच राहून जातो. बँकेत पोचून पास होईपर्यंत तो नुसता सही केलेला कागद असतो. माझ्या नोकरीची बरीच वर्षे एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या क्लिअरिंग खात्यात गेली. आउटवर्डच्या थप्प्या, इनवर्डच्या याद्या आणि रिटर्न मेमो यांतच दिवस मावळायचा. त्यामुळे आदेश लिहिणे वेगळे आणि आदेश अमलात येणे वेगळे, हे मला कुणी शिकवावे लागले नाही. बिटकॉइनचे एक कोडे मला सुटले ते याच वाटेने.

अंधेरीला सीप्झच्या परिसरात नोकरी करणारा माझा भाचा एकदा जेवताना म्हणाला, "मावशी, बिटकॉइनचा व्यवहार इंटरनेट नसलेल्या कॉम्प्युटरवर तयार होतो. कागदावर लिहून ठेवता येतो, एसएमएसने पाठवता येतो, रेडिओवरूनसुद्धा जातो."

मी विचारले, "आणि पैसे?"

"पैसे तेव्हा जातात, जेव्हा तो कागद कुणीतरी काउंटरवर सरकवतो."

ही माझ्या खात्यातली भाषा होती. पुढचे सगळे मी त्याच्याकडून खोदून खोदून काढून घेतले आणि मग स्वतः करून पाहिले.

तीन एसएमएसमध्ये मावणारा आदेश

बिटकॉइनची नोंदवही एकच, पण तिच्या प्रती जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरांच्या जाळ्यावर असतात. 'अमुक व्यवहारातून अमुक पत्त्यावर इतकी रक्कम आली' अशा नोंदी त्यात असतात, आणि त्यांतल्या कोणत्या रकमा अजून खर्च झालेल्या नाहीत ते प्रत्येक कॉम्प्युटर पाहू शकतो. नवा व्यवहार म्हणजे अशा एखाद्या नोंदीकडे बोट दाखवून लिहिलेला आदेश: ही रक्कम घ्या, त्यातली इतकी या पत्त्यावर द्या, उरलेली माझ्याच दुसऱ्या पत्त्यावर परत करा. मधला जो थोडा फरक कुठेच दाखवलेला नसतो, ती नोंद करणाऱ्याची फी. शेवटी सही.

ही सही गणिताची असते. मालकाकडे २५६ बिटांचा एक गुप्त आकडा असतो, त्याला खासगी चावी म्हणतात. आदेशाचा मजकूर आणि ही चावी मिळून सही निघते. सहीवरून चावी शोधून काढता येत नाही. पण सही त्याच चावीची आहे का आणि मजकूर तोच आहे का, हे कुणालाही तपासता येते. रकमेतला एक आकडा बदलला तरी सही जुळत नाही. आमच्याकडे खाडाखोड झालेला चेक डोळ्यांनी पकडावा लागे, इथे ती गणितातच उघडी पडते.

या गणिताला इंटरनेट लागत नाही. कोणती रक्कम खर्च करायची आणि कुणाला द्यायची, एवढी माहिती पुरते. तयार झालेला आदेशही लहानसा असतो. एका रकमेतून दोन पत्त्यांवर पैसे देणारा आजचा साधा व्यवहार साधारण २२२ बाइटचा भरतो. आकडे आणि ए ते एफ या अक्षरांत उतरवला तर ४४४ चिन्हे. लांब एसएमएसच्या एका तुकड्यात १५३ अक्षरे बसतात, म्हणजे तीन तुकड्यांत काम झाले. त्यात चोरण्यासारखे काही नसते, कारण चावी त्यात नसते. वाटेत तो कुणाच्या हाती लागलाच, तर तो माणूस फार तर आपल्याआधी तो जाळ्यावर सोडेल. पैसे जातील ते आपण लिहिलेल्या पत्त्यावरच. अकाउंट पेयी चेक रस्त्यात सापडला तर सापडणाऱ्याला त्याचा जेवढा उपयोग, तेवढाच.

मुलुंडच्या घरातला प्रयोग

भाच्याने एक जुना लॅपटॉप आणला. त्याचे वाय-फाय कार्ड त्याने काढून टाकले होते, आणि तो पुन्हा कधीही नेटला जोडायचा नाही असे ठरले होते. खऱ्या पैशांना आम्ही हात लावला नाही. बिटकॉइनचे चाचणीसाठी वेगळे जाळे असते. तिथली नाणी फुकट मिळतात आणि त्यांना किंमत नसते, पण पद्धत तीच.

चावी तयार झाली ती लॅपटॉपवर. तिच्याबरोबर बारा इंग्रजी शब्द मिळाले. हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरावीक यादीतून येतात. बारा किंवा चोवीस शब्द क्रमाने लिहून ठेवले की त्यांवरून चावी पुन्हा उभी करता येते. ही पद्धत २०१३ची. माझ्या फोनवर फक्त शिल्लक दाखवणारे वॉलेट होते. त्याला पत्ते माहीत, चावी माहीत नाही. त्यामुळे फोन चोरीला गेला तरी चोराला रक्कम दिसेल, हलवता येणार नाही.

मग फोनने बिनसहीचा आदेश तयार केला आणि पडद्यावर क्यूआर कोड दाखवला. लॅपटॉपने तो आपल्या कॅमेऱ्याने वाचला, आणि पत्ता, रक्कम, फी अशा तीन गोष्टी दाखवल्या. मी चष्मा सारखा केला आणि पत्त्याचे एकेक अक्षर चिठ्ठीशी ताडून पाहिले. भाचा हसला, पण नोकरीची सवय जात नाही. बटण दाबल्यावर लॅपटॉपने सही केली आणि सही झालेला आदेश पुन्हा क्यूआर कोडच्या रूपात दाखवला. असा बिनसहीचा किंवा अर्ध्या सह्यांचा आदेश एका यंत्रातून दुसऱ्यात नेण्यासाठी २०१७मध्ये एक सामाईक मसुदा ठरला, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची वॉलेटे एकमेकांचा कागद वाचू शकतात. सहीसाठीची छोटी स्वतंत्र यंत्रेही याच विचाराने बनली. प्रागच्या ट्रेझर कंपनीचे पहिले यंत्र २०१४मध्ये बाजारात आले.

सही झालेला आदेश आम्ही पाठवला नाही. छापून कपाटात ठेवला. नाणी अजून माझ्याच नावावर दिसत होती. काही दिवसांनी तो कागद फोनने वाचून जाळ्यावर सोडला आणि थोड्या वेळात नोंद झाली. सही करणारा लॅपटॉप तेव्हा बंद होता. सही कधी झाली, कुठे झाली, याची विचारपूस कुणी केली नाही. ती जुळते का आणि रक्कम शिल्लक आहे का, एवढेच तपासले गेले.

नेट नसेल तेव्हा

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी ग्रिड कोलमडून मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, हे उपनगरांत कुणी विसरलेले नाही. त्याआधी २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा फोनही मुके झाले होते. अशा वेळी सही झालेला आदेश घेऊन बसलेल्या माणसाने काय करायचे? उत्तर सरळ आहे: जगात कुठेही नेट चालू असलेल्या एका माणसापर्यंत ती ४४४ चिन्हे पोचवायची. तो आपल्या ओळखीचा, विश्वासाचा असण्याची गरज नाही. पेन ड्राइव्हवरून, एसएमएसने, फोनवर वाचून, कशीही चालतील.

याचे प्रयोगही झालेत. फेब्रुवारी २०१९मध्ये टोरांटोचे रोडॉल्फो नोवाक आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या इलेन ओउ यांनी दोन देशांमध्ये हॅम रेडिओवरून बिटकॉइनचा एक व्यवहार पार पाडला. ब्लॉकस्ट्रीम या कंपनीने ऑगस्ट २०१७पासून उपग्रहावरून नोंदवहीच प्रसारित करायला सुरुवात केली आणि २०१८च्या अखेरीस आशियाचा भागही त्यात आला. छतावर डिश लावली की इंटरनेटशिवाय नोंदवही ताजी राहते. मात्र हा रस्ता एकेरी आहे. ऐकता येते, आपला आदेश पाठवायला दुसरी वाट शोधावी लागते. आफ्रिकेत कगोथात्सो न्गाको यांनी २०२२मध्ये माचान्कुरा नावाची सेवा सुरू केली. आपल्याकडे *९९# लावून बँकेचे काम होते तसे तिथे साध्या बटणांच्या फोनवरून बिटकॉइन पाठवता येतो. पण त्यात चाव्या सेवा देणाऱ्याकडे असतात, म्हणजे ते पुन्हा दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवणेच झाले.

हॅम रेडिओचे ऐकून कुणी घरच्या अँटेनाकडे पाहू लागेल, म्हणून सांगते: आपल्याकडे त्यासाठी केंद्र सरकारचा परवाना लागतो, आणि हौशी रेडिओवर व्यापारी स्वरूपाचे संदेश पाठवायला नियमांची मनाई आहे.

हातातला कागद किती खरा?

इथवर भाचा उत्साहात होता. माझा प्रश्न क्लिअरिंगवालीचा होता: "हा कागद तू मला दिलास. मी तो महिनाभर ठेवला. तोवर खाते रिकामे केलेस तर?"

करता येते. ज्या रकमेकडे आदेश बोट दाखवतो, ती मालकाने दुसऱ्या आदेशाने आधीच खर्च केली, तर माझ्या हातातला कागद त्याच क्षणी निकामी होतो. जाळे तो नाकारते. सही खरी असते, मजकूर खरा असतो, फक्त रक्कम उरलेली नसते. आमच्याकडे अशा चेकवर 'फंड्स इन्सफिशियंट'चा मेमो लागायचा, आणि चेक घेणाऱ्याच्या पाठीशी परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ असायचे. इथे तसे काही नाही. म्हणून नेटबाहेर तयार झालेला व्यवहार आपल्या सोयीसाठी ठेवावा. दुसऱ्याने हातात दिलेला असा कागद पैसे मिळाले म्हणून धरू नये. नोंद झाल्यावरच पैसे मिळाले. सरासरी दहा मिनिटांनी नोंदींचा एक ब्लॉक वहीत चढतो, आणि मोठ्या रकमेसाठी पुढचे काही ब्लॉक होईपर्यंत थांबायची पद्धत आहे.

दुसरी अडचण फीची. आज सही करताना घातलेली फी सहा महिन्यांनी गर्दीच्या दिवशी अपुरी ठरू शकते. मग आदेश रांगेत पडून राहतो, आणि नेहमीच्या मांडणीत जाळ्यावरचे कॉम्प्युटर दोन आठवड्यांनी त्याला रांगेतून काढतात. तो रद्द होत नाही, पुन्हा पाठवता येतो. चेक तारखेपासून तीन महिन्यांनी शिळा होतो. या आदेशाला अशी मुदत नाही. 'अमुक क्रमांकाच्या ब्लॉकआधी घेऊ नका' अशी अट मात्र घालता येते, म्हणजे पुढच्या तारखेचा चेक झाला. वारसासाठी असा आदेश सही करून पाकिटात ठेवता येतो. मालकाचे मन बदलले तर तीच रक्कम आपल्याच दुसऱ्या पत्त्यावर हलवायची. तेच स्टॉप पेमेंट.

न नोंदवलेल्या आदेशांवर भरवसा ठेवता यावा म्हणून जी सर्वांत हुशार युक्ती निघाली, ती लाइटनिंग. २०१५मध्ये जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी ती मांडली. दोन माणसे आधी एक रक्कम दोघांच्या सहीशिवाय हलणार नाही अशी बांधून ठेवतात, आणि ती नोंद वहीत होते. त्यानंतर त्यांच्यातला प्रत्येक व्यवहार म्हणजे 'यात तुझे किती, माझे किती' याचा नवा सही केलेला आदेश, जो दोघेही जवळ ठेवतात आणि पाठवत नाहीत. कुणी जुना, आपल्या फायद्याचा आदेश भरायचा प्रयत्न केला, तर समोरचा ठरलेल्या मुदतीत सगळी रक्कम उचलू शकतो. रक्कम आधीच बांधलेली असल्याने मधल्या काळात खाते रिकामे करण्याची सोय राहत नाही. हजारो व्यवहार झाले तरी वहीत चढतात दोनच: पहिला आणि शेवटचा.

मिंट रोडचा मार्ग

हाच प्रश्न रिझर्व्ह बँकेपुढेही होता: नेट नसताना तेच पैसे दोनदा दिले जाणार नाहीत, हे कसे पाहायचे? तिने लाइटनिंगसारखे गणित न करता रक्कमच लहान ठेवली. जानेवारी २०२२मध्ये ऑफलाइन पेमेंटसाठी आलेल्या चौकटीत एका व्यवहाराला २०० रुपये आणि एकूण २,००० रुपये अशी मर्यादा होती. ऑगस्ट २०२३मध्ये २००चे ५०० झाले. डिसेंबर २०२४मध्ये यूपीआय लाइटसाठी ती एका व्यवहाराला १,००० आणि एकूण ५,००० अशी वाढली. सप्टेंबर २०२३मध्ये आलेल्या यूपीआय लाइट एक्समध्ये दोन फोन एकमेकांजवळ धरले की नेटशिवाय पैसे जातात. १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईसह चार शहरांत डिजिटल रुपयाचा सर्वसामान्यांसाठी प्रयोग सुरू झाला, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये त्यालाही ऑफलाइन सोय जोडण्याचे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले. इथे भरवसा फोनच्या आतल्या व्यवस्थेवर आणि मागे उभ्या असलेल्या बँकेवर असतो. भाजीपाल्याच्या पैशांना एवढे पुरते. बिटकॉइनमागे कुणी उभे नाही, म्हणून त्याला वहीतली नोंदच लागते.

सही कशावर केली?

आता मुंबईचीच गोष्ट. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या मुंबईतल्या क्रिप्टो एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून २३ कोटी डॉलरहून अधिक, म्हणजे जवळपास २,००० कोटी रुपयांची मालमत्ता गेली. या वॉलेटच्या चाव्या नेटवर लोळत नव्हत्या. वॉलेटला सहा सह्याकर्ते होते, पाच वझीरएक्सचे आणि एक लिमिनल या सेवा देणाऱ्या कंपनीचा. कंपनीच्या सांगण्यानुसार तिच्या तिघांच्या सह्या आणि लिमिनलची एक सही झाल्याशिवाय पैसे हलत नव्हते, आणि तिचे लोक लेजर या सहीच्या स्वतंत्र यंत्रांवर सह्या करत होते. म्हणजे पुस्तकात लिहावी तशी व्यवस्था.

मग गेले कुठून? पडद्यावर जे दिसत होते आणि प्रत्यक्षात ज्यावर सही झाली ते वेगळे होते, असे वझीरएक्सने सांगितले. आपल्या यंत्रणेत शिरकाव झाला नाही, असे लिमिनलचे म्हणणे. दोष कुणाचा यावर दोन्ही कंपन्यांचे एकमत झाले नाही. पण नोंदवही सगळ्यांना उघडी असते, आणि तिथे दिसते ते असे: सह्या खऱ्या होत्या, आणि त्या सह्यांनी वॉलेट चालवणारा प्रोग्रामच बदलून टाकला. त्यानंतर ताबा चोरांकडे गेला आणि त्यांना पुढे कुणाच्या सहीची गरज उरली नाही. जानेवारी २०२५मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात या चोरीचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला. पुढच्याच महिन्यात बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले ते याच तऱ्हेने: सह्याकर्त्यांना नेहमीचा व्यवहार दिसत होता, सही भलत्यावर झाली.

कारण हे की ही वॉलेटे ज्या दुसऱ्या जाळ्यावर होती, त्या इथेरियमवरचे गुंतागुंतीचे आदेश सहीच्या छोट्या यंत्राला अनेकदा उलगडून दाखवता येत नाहीत. त्याच्या बोटभर पडद्यावर एक लांबलचक आकडा येतो. माणूस तो आकडा पाहतो, शेजारच्या कॉम्प्युटरवरचे वेबपान पाहतो, पानावर विश्वास ठेवतो आणि बटण दाबतो. तंत्रज्ञ याला आंधळी सही म्हणतात. चावी नेटबाहेर, पण वाचन नेटवरच्या पानावरून. मग चावी बाहेर ठेवून मिळवले काय?

पुण्यातले एक प्रकरण याचीच दुसरी बाजू दाखवते. तिथल्या गेनबिटकॉइन फसवणुकीचे गुन्हे २०१८मध्ये पोलिसांकडे आले आणि तपासाला तज्ज्ञ म्हणून बाहेरची माणसे घेतली गेली. मार्च २०२२मध्ये त्यांच्यातल्या दोघांना पुणे पोलिसांनीच अटक केली; त्यांतला एक माजी आयपीएस अधिकारी. आरोपींच्या वॉलेटमधली नाणी परस्पर वळवल्याचा, आणि स्क्रीनशॉटमध्ये फेरफार करून शिल्लक कमी दाखवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. चावी ज्याच्या हाती, सही त्याची. आणि स्क्रीनशॉट म्हणजे दुसऱ्याने दाखवलेली वही.

घरी काय पाळावे

बिटकॉइन घ्या किंवा घेऊ नका, हे मी सांगणार नाही. भारतात त्यावरच्या नफ्याला १ एप्रिल २०२२पासून ३० टक्के कर आहे आणि १ जुलै २०२२पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस आहे. व्यवहार नेटबाहेर तयार झाला म्हणून करातून सुटत नाही. वहीत चढला की तो कायमचा सगळ्यांसमोर आहे. पण कुणाच्या घरात तो असेलच, तर शिस्त अशी. ते बारा किंवा चोवीस शब्द कागदावर लिहावेत, फोनने त्यांचा फोटो काढू नये; फोटो आपोआप क्लाउडवर जातो आणि चावी नेटबाहेर राहत नाही. आपल्याकडचा पावसाळा कागद खातो, म्हणून दुसरी प्रत वेगळ्या जागी, शक्य तर धातूच्या पट्टीवर कोरलेली असावी. घरातल्या एका विश्वासू माणसाला ती कुठे आहे हे माहीत असावे. पत्ता सही करणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर वाचावा, कॉम्प्युटरच्या नाही. सुरुवातीची आणि शेवटची चार अक्षरे पाहून थांबू नये, कारण तेवढी जुळणारे पत्ते ठग बनवतात. मोठ्या रकमेआधी छोटी रक्कम पाठवून पाहावी. आणि यंत्राने नुसता न कळणारा आकडा दाखवला, तर त्या दिवशी सही करू नये.

बँकेत चेक पास करायला वेगळा अधिकारी असे. काउंटरवरचा, सही ताडणारा आणि पास करणारा अशी माणसे वेगवेगळी असत, आणि यातल्या कुणाची नजर चुकली तर ग्राहकाला दाद मागायला जागा असे. नेटबाहेर ठेवलेल्या चावीबरोबर या सगळ्या खुर्च्या एकट्या मालकाकडे येतात. तंत्र अवघड नाही, मी साठी उलटल्यावर शिकले. ज्याला आदेशाची प्रत्येक ओळ सही करण्याआधी वाचण्याचा कंटाळा आहे, त्याने गमावले तर चालेल एवढीच रक्कम यात ठेवावी.